मागचे उठलेच नाहीत

मेंढरांना अजून धनगर मिळाला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. रोज पाण्यावर जाताना मोठा मेंढा आणि त्याचे म्हातारे दोस्त पुढे चालायचे. डबक्यात ते थेट आत उतरायचे, पोटभर प्यायचे आणि तिथेच मुतायचे. मागच्यांना उरायचा चिखल.

लंगड्या मेंढीचं कोकरू त्या चिखलानं आजारी पडलं. तिनं तक्रार केली, तर म्हातारे म्हणाले, "आमच्या वेळी चिखलसुद्धा नव्हता!" आणि रवंथ करत बसले. यांचं फक्त वय वाढतं.

मग ती एकेकीपाशी गेली. "बाई, आज काय प्यालीस?"

"चिखल."

"मग उद्या उठू नकोस."

सकाळी म्हातारे ऐटीत निघाले. मागे कोणीच नाही. आता वळायचं कुठे? आजवर मागचेच त्यांना ढकलत पाण्यावर न्यायचे. गोल फिरून ते बसलेल्या कळपापाशीच परत आले.

"अगं, पाणी कुठंय?" मेंढ्यानं लंगडीला विचारलं.

"दाखवते. पण आधी कोकरं पिणार, आणि सगळ्यांनी काठावरूनच प्यायचं. मंजूर?"

अख्खा कळप "बेंऽऽ" म्हणाला.

मेंढ्याचा नंबर शेवटी आला, तरी पाणी नितळ होतं. त्यात वाकून बघताच तो दचकला. "हा म्हातारा कोण?"