सव्वाशेर मावशी

हवासुद्धा शेराच्या मापाने मोजायचे, त्या काळची ही गोष्ट. सनई वाजवणाऱ्या केरबा गुरवाच्या छातीत दोन हवा राहायच्या. अर्धाशेरी दिवसभर आत-बाहेर करायची. सव्वाशेर मावशी तळाशी बसून असायची. केरबाने कितीही फुंकलं तरी ती हलत नसे.

एका लग्नात अर्धाशेरी भडकली. "मावशी, मी इथे मरमर मरते आणि तुम्ही नुसत्या बसता!"

"बसायचंच काम आहे माझं."

"हे कसलं काम? व्हा चालत्या!"

मावशीने पदर खोचला, सनईतून बाहेर पडली आणि थेट पंगतीत जाऊन बसली.

तिकडे छातीतले सगळे बारीक फुगे ओल्या पापडांसारखे एकमेकांना चिकटले. अर्धाशेरी परतली तर आत शिरायला फट नाही! केरबा निळा पडला, सनई गप्प झाली, भटजी मंगलाष्टक विसरले.

अर्धाशेरी पंगतीत धावली. "मावशी, चला लवकर! तुम्ही तिथे करत तरी काय होतात?"

"दार धरून बसले होते गं," जिलबी संपवत मावशी म्हणाली, "तुझ्यासाठी."

मग तिने खांदा लावून दार ढकललं आणि आपली जागा घेतली. सनई पुन्हा वाजू लागली.

तेव्हापासून आत येताना अर्धाशेरी दर वेळी घाईघाईने म्हणते, "बसा मावशी, बसा. उठू नका."