सात वर्षं अखंड

"सात वर्षं तुम्ही कानस एकदाही खाली ठेवली नाहीत, चाचा. आणि मला तीन वर्षांतच ती डोळ्यांसमोर नकोशी झालीय. माझ्यात काय कमी आहे तेवढं सांगा. मग मी जातो."

मिरजेच्या तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत, दस्तगीरचाचांच्या दुकानाच्या दारात श्रीरंग उभा होता. खांद्याला बॅग. संगीतात एम. ए., वर सुवर्णपदक. पण तंबोऱ्याच्या तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने असा घासायचा, की तार तिला जेमतेम शिवून गुणगुणत राहावी, ती जवारी तीन वर्षं चाचांकडे शिकूनही त्याच्या हातून लागत नव्हती.

चाचांनी मान वर केली.

"सात वर्षं? असं कोण म्हणतं?"

"पेपरात आलंय. कात्रण पाकिटात ठेवलंय. रोज सकाळी वाचतो."

"वाच बघू."

"'सात वर्षे अखंड साधना! ना थकवा, ना माघार!'"

चाचा इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

"अरे, दुसऱ्याच वर्षी मी पळालो होतो. कोल्हापूरला. आठ महिने सायकलींची पंक्चरं काढली."

श्रीरंगाने हातातल्या कात्रणाकडे पाहिलं.

"पाचव्या वर्षी पुन्हा पळालो. तेव्हा तर माझ्या वस्तादांना शिव्या देऊन."

"मग हे छापलं का नाही?"

"सांगितलं होतं की त्या वार्ताहराला. तो म्हणाला, चाचा, पळून गेलेल्याचं वाचून कुणाला स्फूर्ती येते का?"

श्रीरंगाचं डोकं तडकलं. हा माणूस चिडला होता, वैतागला होता, पळाला होता. आणि कुणा दीडशहाण्याने त्यातला माणूस तेवढा खरवडून काढला आणि पुतळा छापला! तीन वर्षं रोज सकाळी आपण त्या पुतळ्यापुढे मान खाली घालत होतो.

"पण परत का आलात?"

"कोल्हापुरात दुकानासमोर देऊळ होतं. तिथे रोज एक तंबोरा छेडायचे. जवारी पार गेलेली… ऐकवेना."

"मग लावून दिलीत?"

"गेलो होतो लावायला. आणखी बिघडवली. म्हणून तर परत आलो."

आता श्रीरंगाला हसू फुटलं. छातीवरची धोंड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावी तसं झालं. बॅग कधी खाली आली, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"चाचा… आज एकदा बघू?"

चाचांनी तंबोरा त्याच्यापुढे सरकवला.

त्याने तारा सैल केल्या, बाजूला सारल्या आणि घासायला सुरुवात केली. नेहमीसारखीच. दात आवळून, खांदे ताणून. तोच चाचांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. तार घे घोडीवर. ऐक."

"चारच तर हात मारलेत!"

"चारच."

हे चाचांनी आधीही शंभरदा सांगितलं होतं. पण कानस खाली ठेवायची म्हणजे माघार, असंच त्याच्या मनाने घेतलं होतं. तो एका दमात चाळीस हात मारायचा आणि घोडी वाया घालवायचा.

त्याने कानस खाली ठेवली. तार ओढली, छेडली.

खरखर… पण ती नेमकी कुठे आहे, हे आज पहिल्यांदाच कळलं.

दोन हात. कानस खाली. तार. पुन्हा एक हात. पुन्हा खाली. मध्ये तो पाणी प्यायला, गल्लीत एक चक्कर मारून आला, पुन्हा बसला.

दुपारची अजान होऊन गेली. मग एकदा तार छेडली, आणि ती छेडल्यावरही कितीतरी वेळ गुणगुणत राहिली…

श्रीरंगाने हळूच वर पाहिलं. डोळे भरून आले होते.

चाचा डोळे मिटून ऐकत होते.

"हां…" ते म्हणाले, "हा पळपुट्याचा हात."