काचेच्या तंतूतला उजेड

त्या राज्यात सूर्य उगवत नसे. डोंगराच्या पोटात एक महाचक्र फिरे, आणि त्याच्या धगीवर गावं उबदार राहत, दिवे तेवत. चक्राजवळ कुणाला जाता येत नसे. त्याची खबर आणायला तांब्याच्या तारा होत्या. पण चक्राच्या सहवासात त्यांना त्याचीच घरघर जडली होती. काहीही विचारलं तरी त्या चक्राच्याच सुरात बोलत.

म्हणून काच ओढणाऱ्या कुमुदिनीने केसाएवढा बारीक काचेचा तंतू ओढून, चक्र ज्यावर फिरे त्या आसापर्यंत नेला. त्याला घरघर बाधत नसे. ती बाहेरच्या टोकातून उजेड सोडी. तो आसापर्यंत जाऊन परत येई. आस तापला की उजेड तांबूस होई, आस थरथरला की तोही थरथरे. निजलेल्या लेकराचा श्वास न्याहाळावा तशी कुमुदिनी तासन्‌तास तो उजेड न्याहाळत बसे.

एके दिवशी तो डाळिंबासारखा लाल होऊन परतला, आणि त्याची थरथर थांबेचना.

ती प्रधान विश्वंभरांकडे धावली. "चक्र थांबवा, प्रधानजी. आस तडकतोय."

"तारा तर ठीक म्हणताहेत. चक्र थांबलं की अंधार होईल आणि लोक आम्हाला धारेवर धरतील. तू असं कर, तंतूच्या टोकाला हिरवी काच लाव. लाली दिसणार नाही."

"दिसणार नाही. पण आस तडकायचा थांबेल का?"

ती तडक राणी मृगावतीकडे गेली. राणीने तंतूचं टोक तळहातावर धरलं, बराच वेळ पाहिलं आणि चक्र थांबवलं.

तीन दिवस लोक काळोखात कुडकुडत कुमुदिनीला शिव्याशाप देत राहिले. तिलाही वाटू लागलं, आपलं चुकलं तर नसेल? चौथ्या दिवशी चक्र निवलं. लोहार आत जाऊन पाहून आले. त्यातला एकजण म्हणाला, "बोटभर उरला होता आस. तेवढ्यावर सगळं राज्य फिरत होतं."

नवा आस बसला. मग राणीने भर दरबारात कुमुदिनीला बोलावलं.

"एक तंतू माझ्या सिंहासनाखाली घाल."

प्रधान हसले. कुमुदिनीने तंतू घातला, उजेड सोडला. परत आलेला उजेड समोरच्या भिंतीवर पडला, तसाच लाल, तसाच थरथरता, आणि प्रधानांचं हसू मावळलं. दरबारी आपापल्या पायांकडे पाहू लागले. कुमुदिनी काही बोलणार, तोच राणीने हात वर करून तिला थांबवलं. मुकुट बाजूला ठेवून ती हळूच खाली उतरली, गुडघे टेकले, आणि फरशीला कान लावला.