चक्कर आल्यावर

“...मग कर्नल कोसळल्यावर चालवायचं तरी काय, बाई?” मकरंदनं कागदांची चळत ओटीवर आपटली.

कमळाबाई निमकर शेंगा सोलत होत्या. यंत्राचं सगळं काम हाकणारा मूळ प्रोग्रॅम म्हणजे कर्नल. आयुष्यभर तो लिहून बाई आता गावी येऊन राहिल्या होत्या. शिकणारे तिथंही त्यांचा पिच्छा सोडत नसत.

“तू काय चालवतोस?”

“सगळं! कर्नल कोसळला की माझा चारशे ओळींचा प्रोग्रॅम उठतो. चूक शोधतो, फायली बंद करतो, बाळाच्या नोंदी डिस्कवर लिहितो, नर्सला कळवतो.”

“हा प्रोग्रॅम राहतो कुठे?”

“कर्नलमध्येच. आणखी कुठे राहणार?”

“बरं. मग?”

मकरंदचा चेहरा उतरला. “काल चाचणीत कर्नल कोसळल्यावर माझ्या प्रोग्रॅमनं चांगल्या नोंदींवरच कचरा लिहिला. उद्या बाळांवर लक्ष ठेवणारं हे यंत्र नवजातांच्या वॉर्डात जायचंय. पाचदा दुरुस्त केलं, बाई! अजून शंभर ओळी घातल्या की...”

“शंभर.”

“दोनशे घालीन!”

बाईंनी कपाळाला हात लावला. मग मकरंदबरोबर आलेल्या, अंगणात थांबलेल्या इरफानला हाक मारली.

“दोघं अंगणात फुगडी घाला.”

“फुगडी? अहो, मी इंजिनिअर आहे!”

“दिसतंय ते. घाल.”

काय ही म्हातारी, असं मनात म्हणत मकरंदनं इरफानचे हात धरले.

“जोरात! जेवला नाहीत का?”

अंगण गरगरलं. आंब्याचं झाड दोनदा समोरून गेलं. हात सुटले तोच बाईंनी मकरंदच्या हाती आपला काठोकाठ भरलेला चहाचा कप दिला.

“आत नेऊन ठेव. सांडू नकोस.”

तो कसाबसा ओटीपर्यंत पोचला. निम्मा चहा त्याच्याच कागदांवर गेला.

इरफान केव्हाच जमिनीवर बसून खिदळत होता.

“भोवंडतंय मला!” मकरंद ओरडला. “अशा वेळी कुणी काम सांगतं का?”

“तू सांगतोस.”

मकरंद मटकन खाली बसला. कप अजून हातातच होता. कागदांवरून चहा ठिबकत होता.

“म्हणजे कोसळलेल्या कर्नलनं नुसतं बसून राहायचं?” त्याचा आवाज चिडका होता, पण आता खाली आला होता. “मग बाळाच्या नोंदी वाचवायच्या कुणी?”

बाई उठल्या. त्याच्या हातातला कप घेतला. थेंबही न सांडता आत ठेवून आल्या आणि पुन्हा शेंगांपाशी बसल्या.

“मी कुठे फुगडी घातली?”