अ‍ॅपच्या लेखी गैरहजर

हजेरीच्या नव्या अ‍ॅपला झाडूवाल्या बायकांचे धुळीने माखलेले चेहरे काही ओळखू येईनात, आणि तीस जणींचा रोज खाडा पडू लागला.

"अ‍ॅप म्हणतं गैरहजर, म्हणजे गैरहजर!" नगरपालिकेच्या बोंद्रेसाहेबांनी हात झटकले.

बायकांची पुढारी सुंदराबाई सगळ्यांना घेऊन माघारी फिरली. दुसऱ्या दिवशी कचऱ्याने भरलेल्या तीस ढकलगाड्या साहेबांच्या कचेरीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"कुणी आणला हा उकिरडा इथं?" साहेब कडाडले.

"आम्ही कुठं साहेब? आम्ही तर गैरहजर," सुंदराबाई म्हणाली. "अ‍ॅपला विचारा की."

"मस्करी करता? तीसच्या तीस जणी समोर धडधडीत दिसताय मला!"

सुंदराबाईने हजेरीचं जुनं मस्टर उघडून पुढे धरलं.

"दिसतोय ना? मग मांडा हजेरी."

साहेबांनी मुकाट्याने पेन काढलं. अ‍ॅप अजून चेहरे शोधतच होतं.