पाहिलेला चेहरा

केंटकीच्या सरहद्दीवरच्या लाकडी कचेरीत, न्यायाधीशांसमोर, निवडणुकीला उभे राहिलेले जनरल थॅचर गरजले, "या रूथबाईचा नवरा लढाईतून पळताना मेला. पळपुट्याच्या विधवेला सैनिकाला मिळणारी सरकारी जमीन कशाला? मी सर्वांत पुढे होतो. त्याचा भेदरलेला चेहरा याच डोळ्यांनी पाहिलाय!"

तिचा वकील हॅलॉक त्याच लढाईत लंगडा झाला होता. तो सावकाश उठला. "साहेब, शत्रूपासून पळणाऱ्याचा चेहरा पुढे लढणाऱ्याला दिसत नाही. तो दिसतो पिछाडीला उभ्या असलेल्याला."

न्यायाधीशांनी जमिनीचा कागद रूथपुढे सरकवला.

तिने तो उचललाच नाही. जनरलांकडे पाहत तिने विचारलं, "तुमच्या किती पुढे होता हो माझा नवरा?"