जाळीत भरलेली जखम

“औषध तेच, जाळी तीच... मग जखम भरत का नाही, महाराज?”

विश्रामने विचारलं. भीमगिरी महाराज मठाच्या ओसरीवर पाटावर पाय ठेवून बसले होते. बाभळीचा काटा रुतून टाचेला झालेली जखम महिना उलटला तरी ओलीच होती. पुढच्या आठवड्यात पाऊल कापावं लागेल, असं तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

विश्रामला ते ऐकवत नव्हतं. कंबरमोडीचा पाला जखमेवर कसा चोळायचा, हे त्याला लहानपणी याच महाराजांनी शिकवलं होतं. आता तो शहरात मोठा संशोधक झाला होता. त्याच पाल्याचा अर्क घालून त्याने केसाहूनही कितीतरी बारीक धाग्यांची जाळी केली होती. नव्या मांसाने जाळीला धरून वाढायचं, जाळीने हळूहळू विरघळून जायचं, अशी सगळी करामत. तिचा त्याला गर्व होता आणि तो लपतही नव्हता.

“रोज नवी लावतो,” तो म्हणाला.

“आणि जुनी?”

“चिमट्याने सोलून काढतो. ही काय, आत्ताच काढली. आत काय चाललंय ते बघायला नको?”

“रक्त येतं रे.”

“थोडं येणारच. पण महाराज, खरा घोळ पुढेच आहे.”

त्याने खिशातून काचेची बाटली काढली. तीत कालच्या जाळीचा तुकडा होता.

“सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. जाळीत मांस धरलंय! ताजं, जिवंत. रोज धरतं. जाळीत धरतं आणि पायावर धरत नाही... माझं तर डोकंच चालेनासं झालंय.”

“मांस कुणाचं?”

“तुमचंच की.”

महाराजांनी बाटली मागून घेतली. उन्हात धरून न्याहाळली. मग पाय मागे ओढला आणि पाटावर, पायाच्या जागी, बाटली ठेवली.

“बांध पट्टी.”

“बाटलीला?”

“बरं होतंय ते हेच ना?”

...

विश्राम बाटलीकडे बघत राहिला. मग टाचेकडे. मग पुन्हा बाटलीकडे. एवढा शिकलेला माणूस, पण कानापर्यंत लाल झाला. कळलं म्हणून, की नुसताच गोंधळून, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

हातातला चिमटा त्याने खाली ठेवला. नवी जाळी जखमेवर हलकेच बसवली, वरून सुती फडकं गुंडाळलं. पाऊल वाचायला हवं होतं. दुसरं काही नको होतं.

गाठ बसली. तो उठला, दोन पावलं गेला आणि राहवेना म्हणून वळला.

“महाराज... बघायला उद्या सकाळी येऊ की संध्याकाळी?”

महाराजांनी डोळे मिटून घेतले.

“बघायचं विसरशील तेव्हा ये.”